सहावा भाग, तिसरा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या जपानी व्हिडिओ गेमच्या नव्या आवृत्त्यांवर लेख आला होता. मराठी पेपरात या विषयाला अर्धं पान मिळालं म्हणून आधी खूश झालो, मग वाचता वाचता चिडलो. लेखातली एक चूक दुरुस्त व्हावी आणि एका मुद्द्यावर थोडं भांडावं, एवढ्यासाठी हे पत्र. मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक, वय त्रेचाळीस. या सदरात याआधी माझी तीन पत्रं छापून आलीत, तिन्ही शेतीच्या विजेच्या वेळापत्रकावर. हे चौथं खेळावर आहे, पण त्यातही वीज येणारच.

आधी चूक. १९९४ साली आलेला फायनल फँटसी या खेळमालिकेचा भाग तिसरा, असं लेखात छापलंय. तो सहावा. जपानमध्ये २ एप्रिल १९९४ला सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या खेळाच्या डब्यावर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत गेला तेव्हा खोक्यावर तीनचा आकडा घातला, कारण दुसरा, तिसरा आणि पाचवा हे भाग तोवर तिकडे विकलेच नव्हते. त्यांच्या हिशेबात चौथा तो दुसरा आणि सहावा तो तिसरा. खरा तिसरा भाग १९९०चा, त्याची गोष्टच वेगळी. तुमच्या लेखकाला फार दोष देत नाही. मीही दोन-तीन वर्षं याच गोंधळात होतो. २००३ साली जळगावला डिप्लोमा करताना होस्टेलच्या खोलीत चौघांत मिळून एक जोडणीचा कॉम्प्युटर होता. कुणीतरी आणलेल्या सीडीत हा गेम होता, आणि फाइलच्या नावात तीन. ती चोरीची प्रत होती, लपवत नाही. विकत घ्यायचा म्हटला असता तरी तेव्हा जळगावात कुठे मिळणार होता? दुकानांत टीव्हीला जोडायचे डबे आणि त्यांच्या पिवळ्या कॅसेटी, बस.

आता भांडणाचा मुद्दा. लेखाचा सूर असा, की या खेळाडूंना काहीही द्या, ते कुरकुरच करणार. जुनं आहे तसं दिलं तर दिसायला वाईट, बदलून दिलं तर आमचं बालपण मोडलं. वाचायला गमतीचं आहे, पण सहाव्या भागापुरतं सांगतो, कुरकुर केली नसती तर मी हा खेळ पुन्हा खेळू शकलो नसतो. याचं कारण माझे डोळे.

रात्रपाळीच्या आठवड्यात आमच्या फीडरवर थ्री फेज लाइट रात्री येते. ऑटो स्टार्टर बसवलेला आहे, मोटार आपोआप चालू होते. पण ठिबकचे वॉल आपोआप फिरत नाहीत. दर दोन तासांनी उठून एक वॉल बंद, दुसरा उघडा. बागेत तीन प्लॉट, म्हणजे रात्र गेलीच. सातपुड्याचा पायथा जवळ, बिबट्याच्या बातम्या तुम्हीच छापता, त्यामुळे मधल्या वेळात झोप लागत नाही आणि लागू द्यायचीही नसते. विहिरीजवळच्या खोलीत बाजेवर बसून मी मोबाइलवर हा खेळ खेळतो. माय म्हणते, "रातभर काय डोये फोडू राह्यला रे त्या मोबाइलात?" तिला सांगतो, जागं राहायला बरं असतं. ते खरंच आहे.

या मालिकेचे पहिले सहा भाग नव्याने करून 'पिक्सेल रीमास्टर' नावाने २०२१च्या जुलैपासून टप्प्याटप्प्याने आणले. सहावा सगळ्यांत शेवटी, २०२२च्या फेब्रुवारीत. चित्रं पुन्हा काढली, आणि त्यात काझुको शिबुया यांचा हात आहे. १९८७च्या पहिल्या भागातली ठोकळ्यांची माणसं याच बाईंनी काढली होती. पण इतकं सगळं निगुतीनं करून अक्षरं कुठली घातली? बारीक, दोन्ही बाजूंनी चेपलेली, एखाद्या ऑफिसच्या पावतीवर असतात तशी. चौकोनी ठिपक्यांच्या चित्राखाली ती पट्टी अशी दिसायची, जणू जुन्या वाड्याच्या दारावर फ्लेक्स लावलाय. पहिल्या दिवसापासून खेळाडूंनी ओरड केली. पुष्कळांची तक्रार शोभेची होती, माझी चाळिशीच्या चष्म्याची. बॅटरीच्या उजेडात मला ती अक्षरं लागतच नव्हती. (आपल्या पुरवणीचा टाइपही हल्ली बारीक झालाय, हे जाता जाता.)

त्या ओरडीचा परिणाम झाला. एप्रिल २०२३मध्ये हे सहाही भाग टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर आले तेव्हा त्यांत जुन्या वळणाच्या ठोकळी अक्षरांची सोय होती. संगीत जुनं की नवं, तेही निवडता येऊ लागलं. २०२४मध्ये या सोयी कॉम्प्युटर आणि मोबाइलवाल्यांनाही मिळाल्या. पहिल्या आवृत्तीपासून अडीच वर्षं लागली. आमच्या डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर बदलून मिळायला जास्त लागली होती, म्हणून मला हे जलद वाटलं. असो.

मूळ खेळ किती छोटा होता तेही सांगतो. चोवीस मेगाबिटची कॅसेट, म्हणजे तीन एमबी. आमच्या भावकीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारा फुलांचा व्हिडिओ याहून जड असतो. तेवढ्यात चौदा नायक-नायिका, दोन नकाशे आणि नोबुओ उएमात्सु यांचं सगळं संगीत बसवलेलं. अर्ध्यावर आल्यावर खलनायक केफ्का जगाचा नाश करून दाखवतो, आणि तुम्ही पुढचा अर्धा खेळ त्या उद्ध्वस्त जगात आपली माणसं शोधत फिरता. होस्टेलात हे पहिल्यांदा घडलं तेव्हा आम्हाला वाटलं, आपण हरलो. जुना सेव्ह उघडून पुन्हा खेळलो. पुन्हा तेच.

लेखात एक वाक्य आहे, की नवी आवृत्ती म्हणजे नुसतं रंगरंगोटीचं काम. २०१४ साली मोबाइलवर आलेल्या आवृत्तीला ते लागू पडेल. त्यात ठोकळ्यांच्या कडा घासून माणसं गुळगुळीत केली होती आणि ती मागच्या चित्रांत मिसळत नव्हती. मला ते बघून अजिंठा आठवला. सातवीत शाळेची सहल गेली होती, फर्दापूरला उतरून वर. गाइडने भिंतीवर झोत टाकून सांगितलं होतं, की ही पिवळट झाक मूळ चित्रकारांची नाही. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने चित्रं वाचवायला इटलीहून जाणकार आणले, त्यांनी रंग सुटू नये म्हणून लाखेचं वॉर्निश फासलं. रंग टिकले, पण पुढे ते वॉर्निशच पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली, आणि मग पुरातत्त्व खात्याला ते काढत बसावं लागलं. हेतू चांगलाच होता. त्या भिंतीला मात्र 'जुनं दाखवा' असं बटण नव्हतं. खेळाला ते देता येतं, म्हणून न देण्याला निमित्त उरत नाही. माझी खरी नाराजी वेगळी आहे. २०२१च्या जुलैत नव्या आवृत्त्या येऊ लागल्या तेव्हा पाचव्या-सहाव्याच्या त्या आधीच्या आवृत्त्या विक्रीतून काढून टाकल्या. त्या गुळगुळीत असतील, पण कुणाला आवडत असतीलच ना? आधी घेतलेल्यांकडे राहिल्या, नव्या माणसाला दार बंद. यावर मात्र कुरकुर फारशी चालली नाही.

दुसरी एक तक्रार मला अर्धीच पटते. २००६मध्ये जपानात गेमबॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या खेळयंत्रावर आलेल्या आवृत्तीत एक जादा गुहा आणि चार जादा देवता घातल्या होत्या. पिक्सेल रीमास्टरमध्ये त्या नाहीत. खेळाडू म्हणतात, दिलेलं परत घेतलं. मी ती गुहा कधी पाहिलीच नव्हती, त्यामुळे मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. पण त्या छोट्या पडद्यावरच ज्याची ओळख झाली, त्याचा मूळ खेळ तोच, आणि त्याला मी कोण समजावणार.

जुनं तेच सोनं म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. १९९४च्या कॅसेटीत वार चुकवण्याच्या क्षमतेचा एक आकडा पडद्यावर दिसायचा, आणि त्या आकड्याचा काहीही उपयोग नव्हता. प्रोग्रॅममध्ये चूक होती. शस्त्राचा वार असो की जादूचा, हिशेब जादू चुकवण्याच्या आकड्यावरूनच व्हायचा. मी होस्टेलात तो पहिला आकडा बघून ढाली घेत होतो, पैसे साठवून! आमच्यातला चौथा मित्र मला ढालवाला म्हणायचा. नव्या आवृत्तीत तो आकडा काम करतो. अशी दुरुस्ती कुणाला नको असेल तर त्याने समोर येऊन सांगावं.

सगळ्यात मोठा वाद सोपेपणाचा. वाटेत अचानक होणाऱ्या लढाया बंद करता येतात, लढाईतून मिळणारे अनुभवाचे गुण शून्यापासून चौपटीपर्यंत ठेवता येतात. जुने खेळाडू म्हणतात, मग खेळ राहिला कशाला? माझंही हेच मत होतं. दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला, चौदा वर्षांचा. त्याला माझ्या मोबाइलवर खेळ दाखवला, तर दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या मोबाइलवर घेतला, गुण चौपट केले, लढाया बंद केल्या आणि भाऊबीजेला केफ्कापुढे उभा. मी म्हटलं, "अरे, हे म्हणजे भरीत न खाता नुसतं ताट चाटणं झालं." तो म्हणाला, "काका, तुम्ही सिडला वाचवलंत का?"

ज्यांनी खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जग बुडाल्यावर एक वर्षाने सेलेस नावाची सेनापती एका बेटावर जागी होते. सोबत फक्त म्हातारा सिड, आजारी. ती त्याला किनाऱ्यावरून मासे धरून खाऊ घालते. मी २००३ पासून छातीठोक सांगत आलोय, की सिड मरतोच, ती गोष्टच तशी आहे, दुःखाची. पुतण्याने त्याला वाचवला होता. जोरात पोहणारा मासा चांगला, मंद पोहणारा रोगट. मी होस्टेलात हाताला लागेल तो मासा आणून देत होतो. म्हणजे म्हाताऱ्याला मीच मारलं आणि वीस वर्षं त्यातल्या दुःखाचं कौतुक करत बसलो. खेळात हे कुणी सांगत नाही, नव्या आवृत्तीतही नाही. पोराने आधीच माहिती काढली होती. पण अचानक येणाऱ्या लढायांनी तो वैतागला असता तर त्या बेटापर्यंत आलाच नसता, हेही खरं. मी माझ्या मोबाइलवर गुण एकपटच ठेवलेत. लढाया मात्र वॉल फिरवायची वेळ जवळ आली की बंद करतो.

ऑपेराबद्दल दोन शब्द, कारण लेखात तो नुसता 'गाण्याचा प्रसंग' म्हणून उरकलाय. सेलेस गायिकेचं सोंग घेऊन रंगमंचावर उभी राहते, आणि गाण्याची पुढची ओळ तुम्ही बरोबर निवडायची असते. मी त्या ओळी सर्व्हेइंगच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या होत्या, त्यावरून सरांचा ओरडाही खाल्ला. वर माळ्यावर अल्ट्रोस नावाचा ऑक्टोपस तिच्या डोक्यावर चार टनांचं वजन टाकायला टपलेला. आमच्या यात्रेतल्या तमाशात सोंगाड्या ऐन लावणीच्या मध्ये घुसतो, तसाच हा. जुन्या कॅसेटीत माणसाचा आवाज मावत नव्हता, मशीनच गळ्याचं सोंग करायचं. नव्यात खऱ्या गायकांनी गायलंय, सात भाषांत. मराठी नाही, हिंदीही नाही. हे ऐकायच्या आधी मी विरोधात होतो. मग एका रात्री मोटार सुरू असताना इटालियन लावून ऐकलं. शब्द एक कळला नाही. पुतण्याला फोन करावा वाटलं, पण रात्रीचे दोन वाजले होते. त्यानंतर नकाशावर फिरतानाचं संगीत मी जुनं ठेवलंय आणि ऑपेरा आला की नवं लावतो. हे दोन्ही हाताशी आहे, कारण कुणीतरी कुरकुर केली.

तेव्हा सहाव्या भागाची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती. जमल्यास जरा ठळक टाइपात.

आपला,
एक केळी उत्पादक,
ता. रावेर, जि. जळगाव