आवाज बसला की पाळी-मेनोपॉजबद्दल पण विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतला घसा बसण्यावरचा लेख वाचला. वाफ, गुळण्या, अॅसिडिटी सगळं आलंय, पण हार्मोन्सचं नावसुद्धा नाही. मी गाणं शिकवते म्हणून हे जास्त खटकलं असेल.

मुलाचा कंठ फुटतो तेव्हा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनमुळे स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली येतो, हे सगळ्यांना माहितेय. मग त्याच जातीचं औषध बाईच्या पोटात गेलं तर? एंडोमेट्रिओसिसला (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) पूर्वी सर्रास दिलं जाणारं डॅनाझॉल घ्या किंवा बॉडी बनवायची अॅनाबॉलिक स्टेरॉइड्स, यांनी आवाज जाड होऊ शकतो आणि औषध बंद केलं तरी तो पूर्ववत होईलच असं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला गोळ्या लिहून देताना हे कुणी सांगितलंच नाही, तार सा लागेनासा झाला आणि ती बिचारी आपला रियाज कमी पडतोय समजून अजून जोर लावत बसली! गाणारी असो नसो, हे आधी सांगायलाच हवं ना.

पाळीच्या आधी काहीजणींच्या स्वरतंतूंना किंचित सूज येते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, अशात ताणून गायलं किंवा ओरडलं तर त्यातली एखादी फुटून आवाज एकदम जातो. मेनोपॉजनंतर आवाज खाली उतरतो, कोरडा पडतो, तेही आपण वयावर ढकलून मोकळे होतो.

आणि हे फक्त आवाजापुरतं नाही. स्वरतंतूंच्या खाली श्वासनलिका अरुंद होण्याचा एक दुर्मिळ आजार आहे, ज्याचं कारण सापडत नाही तो प्रकार जवळपास फक्त बायकांनाच होतो, तोही बहुतेक मध्यम वयात. त्यामुळे इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनवर संशय आहे, सिद्ध झालेलं नाही. दम लागतो म्हणून कित्येकींना आधी दम्याचे पंप दिले जातात.

स्वरयंत्राचा कॅन्सर मात्र पुरुषांत कितीतरी जास्त. त्या गाठींमध्ये हार्मोन रिसेप्टर (पेशींवर किंवा पेशींत हार्मोन जिथे चिकटतात त्या जागा) सापडलेत, पण अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा तंबाखू-दारूवाल्यांनी हार्मोन्सच्या मागे लपू नये.

आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच असेल तर दुर्बिणीने तपासणी हवीच, पण सोबत पाळी, मेनोपॉज, चालू गोळ्या हेही विचारलं जावं. पुढच्या वेळी ईएनटी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांकडून मिळून लेख लिहून घ्या, ही विनंती.

आपली,
एक गायन शिक्षिका