अकरा नावे लिहिण्याआधी पन्नास षटके वाटून घ्या

महोदय,

आपल्या क्रीडा पानावर वाचकांनी निवडलेले जगातील सर्वोत्तम एकदिवसीय संघ गेले काही रविवार छापून येत आहेत. त्यात नाशिककरांचे संघही पुष्कळ आहेत. त्यावरून वाद रंगतात, हे चांगलेच आहे. पण यातले बहुतेक संघ मैदानात उतरवले तर चाळिसाव्या षटकातच कर्णधार चेंडू कोणाला द्यायचा म्हणून इकडेतिकडे बघू लागेल. एका यादीत सचिन, सेहवाग, रोहित आणि गिलख्रिस्ट असे चार सलामीवीर आहेत आणि गिलख्रिस्टला सातव्या क्रमांकावर ढकलले आहे. दुसऱ्या यादीत गोलंदाज चारच. पाचव्याची दहा षटके कोण टाकणार, याचा उल्लेखच नाही.

गिलख्रिस्टने २८७ सामन्यांत ९,६१९ धावा केल्या, त्या जवळजवळ सगळ्या सलामीला येऊन, नवा चेंडू बॅटवर येत असताना आणि तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर मोजकेच क्षेत्ररक्षक असताना. बेचाळिसाव्या षटकात येऊन सीमारेषेवर उभ्या असलेल्या पाच जणांमधून धावा काढणे हे निराळे काम आहे. क्रमांक बदलला की खेळाडूच बदलतो. सचिनचेच पाहा. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंडला सलामीला जाऊन त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा फटकावल्या आणि त्यानंतर त्याचे एकदिवसीय क्रिकेट पालटून गेले. तोवर मधल्या फळीत त्याच्या नावावर एकही शतक नव्हते. पहिले शतक ७९ व्या सामन्यात आले. तेव्हा खेळाडू निवडायचा तो त्याच्या क्रमांकासकट.

त्याआधी नियम ठरवायला हवेत, आणि हे कोणीच करत नाही. १९८३ चा विश्वचषक ६० षटकांचा होता, एका गोलंदाजाला १२ षटके मिळत, चेंडू लाल होता. विश्वचषकात पांढरा चेंडू आणि रंगीत कपडे आले १९९२ मध्ये. ऑक्टोबर २०११ पासून दोन्ही टोकांना वेगळा नवा चेंडू आला, म्हणजे पन्नासाव्या षटकातही कोणताच चेंडू २५ षटकांपेक्षा जुना नसे. त्यामुळे रिव्हर्स स्विंग, म्हणजे झिजलेला जुना चेंडू हवेत उलट दिशेने वळवणे, जवळजवळ संपला. जुलै २०२५ पासून नियम पुन्हा बदलला. ३४ षटके दोन चेंडू, त्यानंतर क्षेत्ररक्षण करणारा संघ त्यातला एक निवडतो आणि तोच दोन्ही टोकांना शेवटपर्यंत वापरतो. हिशेब करा: ३४ षटकांनंतर तो चेंडू १७ षटके जुना असतो, उरलेली १६ धरली की शेवटच्या षटकाला ३३. वसीम अक्रमसारख्याला एवढा जुना चेंडू पुरेसा आहे. आम्ही हाच आजचा नियम धरतो. पहिल्या १० षटकांत वर्तुळाबाहेर दोन, ११ ते ४० मध्ये चार, शेवटच्या दहात पाच क्षेत्ररक्षक, आणि कोणत्याही नोबॉलला फ्री हिट.

आता मुख्य मुद्दा. फलंदाज शेवटी निवडा. सामन्यात ३०० चेंडू टाकावेच लागतात आणि एकाला ६० पेक्षा जास्त टाकता येत नाहीत. चार उत्तम गोलंदाज आणि 'पाचव्याचे बघू' असे म्हणणाऱ्यांनी ती दहा षटके षटकामागे चारऐवजी साडेसहाने गेली तर काय होते ते मोजावे: २५ धावा. तुमच्या यादीतला सहावा आणि सातवा जादा फलंदाज मिळूनही दर सामन्यात एवढी भर घालत नाही, कारण बऱ्याच सामन्यांत त्याला जेमतेम वीस चेंडू मिळतात.

१९७९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे गुणपत्रक उघडा. वेस्ट इंडिजकडे रॉबर्ट्स, होल्डिंग, क्रॉफ्ट आणि गार्नर, पाचवा कोणीच नाही. रिचर्ड्सने १० षटकांत ३५ आणि कॉलिस किंगने ३ षटकांत १३ धावा दिल्या. तेरा षटकांत ४८. इंग्लंडच्या बॉयकॉट आणि ब्रिअरली यांनी १२९ धावांची सलामी दिली, पण त्यात ३८ षटके गेली आणि उरलेल्या २२ षटकांत १५८ हव्या होत्या. मग गार्नरने ११ चेंडूंत ५ बळी घेतले आणि इंग्लंड २ बाद १८३ वरून सर्वबाद १९४ झाले. सगळ्यांना गार्नर आठवतो, पण सामना त्या तेरा षटकांत हातचा गेला होता. आजचे सलामीवीर त्या तेरा षटकांना सोडणार नाहीत.

चार वर्षांनी, १९८३ च्या अंतिम सामन्यात, लॉर्ड्सवरच याच्या उलट चित्र दिसले. भारताकडे कपिल, संधू, मदनलाल, बिन्नी हे चौघे आणि मोहिंदर. मोहिंदरची ७ षटके, १२ धावा, ३ बळी. आझादच्या ३ षटकांत ७. अशा 'पाचव्या-सहाव्या' दहा षटकांत एकूण १९ धावा गेल्या. १८३ धावा राखता आल्या त्यात या दहा षटकांचा वाटा फार मोठा आहे.

सहावा गोलंदाज का लागतो, ते तर आपल्या जवळच, पुण्याच्या गहुंजे मैदानावर दिसले. विश्वचषकातला १९ ऑक्टोबर २०२३ चा सामना, बांगलादेशविरुद्ध नववे षटक. लिटन दासचा सरळ फटका पायाने अडवताना हार्दिक पंड्याचा घोटा मुरगळला. त्याचे तीनच चेंडू झाले होते. उरलेले तीन विराट कोहलीने टाकले. पुढे हार्दिक स्पर्धेबाहेर गेला आणि संघ पाच गोलंदाजांवर आला. त्या पाचांनी कमाल केली, पण अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाचे ट्रॅव्हिस हेड आणि लाबुशेन १९२ धावांची भागीदारी करत असताना बदल म्हणून द्यायला सहावा हात नव्हता. फलंदाजीतही त्याची किंमत मोजावी लागली. खाली चार जणांचे शेपूट असल्यामुळे के. एल. राहुलला १०७ चेंडूंत ६६ धावा काढत डाव सांभाळावा लागला. त्यात चौकार एकच. एक अष्टपैलू गेला की गोलंदाजी आणि फलंदाजी दोन्ही आखडतात.

म्हणून आमचे पहिले पाच गोलंदाज: वसीम अक्रम (५०२ बळी), ग्लेन मॅकग्रा (३८१), जोएल गार्नर, मुथय्या मुरलीधरन (५३४) आणि कपिलदेव. वसीम, मॅकग्रा आणि मुरली या तिघांचीही षटकामागची धाव चारच्या आत आहे. गार्नरची ३.०९ आहे, पण हा आकडा आजच्या बुमराच्या साडेचारच्या आसपासच्या आकड्याशेजारी ठेवून 'गार्नर दीडपट भारी' म्हणणे चूक. दोघांनी गोलंदाजी केली त्या काळची धावगतीच वेगळी. गोलंदाज त्याच सामन्यांत टाकणाऱ्या इतरांपेक्षा किती कमी धावा देत होता, ते पाहायचे. त्या मापाने दोघांतले अंतर बरेच कमी होते. गार्नरला घेतले ते त्याच्या उंचीमुळे. पावणेसात फुटांच्या आसपास उंचीच्या माणसाचा यॉर्कर ज्या कोनातून पायाशी पडतो, त्याखाली बॅट घालून उचलणे फार कठीण, आणि हेच काम शेवटच्या दहा षटकांत करायचे आहे.

धावा न देण्याची किंमत नाशिककरांना कोणी समजावून सांगायला नको. बापू नाडकर्णी नाशिकचे, जन्म १९३३ चा. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली, १३१ चेंडूंत एकही धाव नाही. त्या डावातले पृथक्करण (षटके-निर्धाव-धावा-बळी) ३२-२७-५-०. गुणवहीत निर्धाव चेंडूला ठिपका देतात आणि षटकच निर्धाव गेले की सहा ठिपके रेघेने जोडून इंग्रजी एम काढतात. तसे एकवीस एम ओळीने. ते कसोटीतले, आणि पहिला एकदिवसीय सामना झाला १९७१ मध्ये, म्हणून बापूंचा या संघात प्रश्न येत नाही. पण आजही एकदिवसीय सामन्यात बळी मिळतात ते बहुतेकदा ठिपक्यांनंतर. चार चेंडू कोरडे गेले की फलंदाज पाचव्यावर बॅट फिरवतो. संघ निवडताना गोलंदाजाच्या बळींइतकेच त्याचे ठिपके मोजायला हवेत.

फलंदाजांत सरासरी फसवते. मायकेल बेव्हनची सरासरी ५३.५८, सचिनची ४४.८३. पण बेव्हन १९६ डावांत ६७ वेळा नाबाद राहिला. डावामागे धावा काढल्या तर बेव्हन ३५ आणि सचिन जवळजवळ ४१. बेव्हन लहान ठरत नाही, तो शेवटी येऊन सामना संपवत असे. पण दोन वेगळ्या कामांची सरासरी एका रकान्यात लिहू नका. व्हिव्ह रिचर्ड्सचा ९० चा स्ट्राइक रेटही (शंभर चेंडूंमागे धावा) त्याच्या काळात ठेवूनच बघावा. १९८४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला ५५ षटकांत वेस्ट इंडिजच्या २७२ धावांपैकी नाबाद १८९ एकट्याच्या होत्या; ९ बाद १६६ वरून होल्डिंगला सोबत घेऊन त्याने १०६ जोडल्या. त्याच खेळपट्टीवर त्याच दिवशी त्याच्या संघातला दुसरा कोणी तिशीही गाठू शकला नाही. चौथ्या क्रमांकासाठी आम्हाला दुसरे नाव सुचत नाही, आणि त्याची ऑफस्पिन हाताशी राहते ती वेगळीच.

सचिन सलामीला, तिसरा कोहली, चौथा रिचर्ड्स, पाचवा डिव्हिलियर्स (सरासरी ५३.५०, स्ट्राइक रेट १०१), सहावा धोनी, सातवा कपिल. आता पाहा, हे सगळे उजव्या हाताचे. डावखुरा फिरकी गोलंदाज किंवा लेगस्पिनर आला की प्रत्येकाला चेंडू बाहेरच जाणार, कर्णधाराला क्षेत्ररक्षण हलवावे लागणार नाही, लय मोडणार नाही. म्हणून सचिनचा जोडीदार डावखुरा हवा आणि त्याने षटकेही टाकायला हवीत. दोन्ही बसतात ती सनथ जयसूर्याला: १३,४३० धावा, स्ट्राइक रेट ९१, ३२३ बळी. सरासरी ३२ आहे हे मान्य. पण मागे एवढी खोल फलंदाजी असताना पहिल्या दहा षटकांत गोलंदाजांची दिशा बिघडवणे हेच त्याचे काम आहे.

यात रोहित शर्मा बाहेर राहतो. तीन द्विशतके, ईडन गार्डन्सवरच्या २६४ धावा, आणि तरीही बाहेर. हा निर्णय आम्हाला सर्वांत जड गेला. पण रोहितला घेतले की डावखुराही गेला आणि सहावा गोलंदाजही.

यष्टिरक्षक म्हणून गिलख्रिस्ट सलामीला आणि धोनी बाहेर, असाही संघ जमतो. आम्ही धोनी घेतला तो मुरलीसाठी. त्याच्या नावावर १२३ यष्टिचीत आहेत, गिलख्रिस्टच्या ५५. ‘दूसरा’, म्हणजे ऑफस्पिनरचा उलट दिशेने वळणारा चेंडू, हातातूनच ओळखणे, पायाबाहेर जाणारा चेंडू टिपणे आणि त्याच झटक्यात बेल्स उडवणे, याने मुरलीच्या बळींत भर पडते. शिवाय २०० सामन्यांत नेतृत्व केलेला कर्णधार मिळतो.

षटकांची वाटणी अशी: पहिली दहा मॅकग्रा आणि वसीम, पाच-पाच. ११ ते २० कपिल आणि गार्नर, पाच-पाच. २१ ते ४० एका टोकाने मुरलीची दहाच्या दहा. दुसऱ्या टोकाने कपिलची उरलेली पाच, मग मॅकग्राची पाच. ३४ नंतर कोणता चेंडू ठेवायचा ते वसीमने ठरवावे, कारण शेवटची दहा तो आणि गार्नर टाकणार. कोणी मार खाल्लाच तर मधल्या टप्प्यात जयसूर्या, नाहीतर रिचर्ड्स. क्षेत्ररक्षणात पॉइंटला डिव्हिलियर्स, कव्हरला रिचर्ड्स (१९७५ च्या अंतिम सामन्यात त्याने तिघांना धावबाद केले होते), गलीत गार्नर. मॅकग्रा फाइन लेगला. एवढी एक जागा कच्ची राहते.

हे आग्रहाने लिहितो, कारण शाळकरी मुले हीच सवय घेऊन मैदानात येतात. गोल्फ क्लब मैदानावर चाळीस षटकांचा सामना असला तर पाच गोलंदाजांना आठ-आठ षटके येतात. संघात पाच सलामीवीर भरले की तिसाव्या षटकानंतर नवख्याच्या हाती चेंडू द्यावा लागतो आणि हरल्यावर दोष त्या पोराच्या माथी बसतो.

आणखी एक विनंती. महिलांचा संघ स्वतंत्र मागवावा. एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक सचिनचे ग्वाल्हेरचे नव्हे. बेलिंडा क्लार्कने १९९७ मध्ये मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर, डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या होत्या. वाचकांसाठीच्या तक्त्यात नावाशेजारी आणखी दोन रकाने छापावेत: फलंदाजीचा क्रमांक आणि टाकायची षटके. षटकांची बेरीज पन्नास न भरणारा संघ परत पाठवावा.

— काही गुणलेखक, नाशिक