स्वस्त फ्रेंच घराचा महाग हिवाळा

महोदय,

फ्रान्सच्या लिमुझँसारख्या ग्रामीण भागात जुनी दगडी घरे पुण्यातील सदनिकेपेक्षा स्वस्त मिळतात, अशी चर्चा युरोपातील मराठी मंडळींत ऐकू येते. ती खोटी नसली, तरी नोटरीमार्फत भरावयाचे कर व शुल्क मिळून किमतीवर आणखी ७ ते ८ टक्के चढतात. प्राथमिक करारानंतर खरेदीदाराला माघारीसाठी १० दिवस असतात, परंतु ऊर्जा-तपासणीचा अहवाल त्याआधीच वाचावा, कारण ‘जी’ या सर्वांत खालच्या ऊर्जा-श्रेणीतील घर १ जानेवारी २०२५ पासून कायम वास्तव्यासाठी नव्याने भाड्याने देता येत नाही.

खरा प्रश्न उबेचा आहे. अर्धा मीटर जाडीची भिंत उन्हाळ्यात सुखद गारवा देते. हिवाळ्यात मात्र ती तापेपर्यंत शनिवार-रविवारपुरता आलेला मालक परतीच्या वाटेला लागलेला असतो. खनिज तेलावरचा नवा बॉयलर जुलै २०२२ पासून बसवता येत नाही, आणि हीट पंप (बाहेरच्या हवेतील वा जमिनीतील उष्णता घरात आणणारे विजेवरचे यंत्र) घ्यावा, तर आधी छताला उष्णतारोधक थर द्यावा लागतो, अन्यथा विजेचे बिल आवरत नाही. ओल दिसताच सिमेंटचा गिलावा करणे तर सर्वांत घातक, कारण चुना ओलावा बाहेर जाऊ देतो, सिमेंट तो भिंतीतच कोंडते.

– एक वाचक, लिमोज