ओवशाची सुपं

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आमच्याकडून सुपं गेली नाहीत, तुला कोणी काही म्हटलं तर नाही ना?" तेव्हा इथे आरती चालू होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे अकोल्याला महालक्ष्म्या बसतात, आंबील आणि सोळा भाज्या होतात, पण ओवसा, म्हणजे भरलेली सुपं गौरीपुढे ओवाळून घरातल्या मोठ्यांना देणं, नसतो. इथे कोकणात गौर पूर्वा नक्षत्रात आली की नव्या सुनेचा पहिला ओवसा आणि त्याची सुपं माहेरहून यायची. माझ्या लग्नानंतर तो योग यंदा आला. तुम्हाला कुणी कळवलं नाही, कारण काकींनी कळवू दिलं नाही. "गुडघ्यांनी बेजार माणसं, एवढ्या पावसात त्यांना कुठे धावायला लावता? हिच्या माहेरची बाजू माझी," असं त्यांनी ह्यांच्या आत्यांना स्पष्ट सांगितलं. काकी म्हणजे ह्यांच्या धाकट्या चुलती, खालच्या घरात राहतात त्या. बुरुडाकडून नवी सुपं त्यांनीच आणवली, हळदीची पानं अंथरून काकडी, नारळ, फळं, पानसुपारी मांडली.

आई, वटपौर्णिमेला तू पाठवलेला हिरवा खण त्यांनी मला शिवू दिला नव्हता, "राहू दे, लागेल" एवढंच म्हणाल्या होत्या. तो सगळ्यात वरच्या सुपात ठेवला. गौरीपुढे ओवसून मी ते सूप आजेसासूबाईंच्या हातात दिलं. त्यांना आता फारसं दिसत नाही. बोटांनी खणाचे काठ चाचपून त्यांनी विचारलं, "हा कुणाकडचा?" काकी म्हणाल्या, "हिच्या आईकडचा. ओवसा माहेरचाच आहे." आत्यासुद्धा मग डोळे पुसत होत्या.

मला इथे प्रेमानं खाऊपिऊ घालतात, माझ्या ज्वारीच्या भाकरीचं कौतुक होतं, गौर आली त्या संध्याकाळी नैवेद्याच्या भाकऱ्याही मलाच थापायला लावल्या. ते सगळं आहेच. पण तुम्ही समोर नसताना चारचौघांत तुमचा मान राखला, हे मला सगळ्यांत मोठं वाटतं. वहिनीची आई आजारी होती तेव्हा तिची मंगळागौर तू आपल्या घरी, तिच्या आईच्या हौसेनं केली होतीस. काकींना मी ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग तुझ्या आईला भेटायलाच हवं."

तेव्हा शिमग्याला या. ग्रामदेवतेची पालखी घरी येते, सगळी भावकी जमते. दादाला आत्ताच तिकिटं काढायला सांगा, पनवेलला गाडी घेऊन आम्ही येतो. बाबा, त्याआधी गुडघा डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि आई, काकींना एकदा फोन कर. दुपारी जेवणं आटोपली की त्या मोकळ्या असतात. आपल्या वऱ्हाडीतच बोल, त्यांना ऐकायला फार आवडते.

तुमची लेक