पदकानंतर नको, पंधराव्या वर्षी या : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,
सविनय नमस्कार.

१५ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर धावल्या. प्राथमिक फेरी पार करून ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री १९८४ च्या पी. टी. उषांनंतर, म्हणजे ३२ वर्षांनी दिसली. अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्यांनी केलाच होता.

या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. हर्डल्सचा अडथळा पाय लागला की आडवा होतो. स्टीपलचेसचा वासा हलत नाही, आपटते ती धावपटूच. त्यावर पाय देऊन पाण्याच्या खड्ड्यापलीकडे उतरण्याचं तंत्र अंगात मुरायला वर्षं जातात. बायकांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी २००८ साली, ललिताताई एकोणीस वर्षांच्या असताना.

त्यांची खरी शर्यत त्यांना फार उशिरा सापडली. आधी त्या लांब पल्ल्याच्या धावपटू होत्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं भारतीय महिलांमध्ये त्या पहिल्या आल्या. पंचविशीच्या उंबरठ्यावर त्यांनी स्टीपलचेसवर सगळं लक्ष लावलं, आणि त्याच वर्षी इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. २०१५ मध्ये वुहानला आशियाई विजेतेपद आणि बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवा क्रमांक. दोन वर्षांत इतकी मजल मारणाऱ्या मुलीला पंधराव्या वर्षीच कुणी पाण्याच्या उडीपाशी उभं केलं असतं तर? हा प्रश्न मला सोडत नाही.

स्टीपलचेसचे धावपटू अविनाश साबळेही असेच, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. तेही या शर्यतीकडे वळले सैन्यात गेल्यावर. दुष्काळी पट्ट्यातल्या मुलाला भरतीचं मैदान तरी खुणावतं, त्यासाठी पहाटे पळणाऱ्या पोराचं गाव कौतुक करतं. मुलगी अंधारात डांबरी रस्त्यावर एकटी पळाली तर त्याच गावात कुजबुज होते. शालेय स्पर्धांत जिल्ह्यापर्यंत पोचलेल्या किती मुली दहावीनंतर धावणं सोडतात, हे कुठल्याही क्रीडाशिक्षकाला विचारा. पाय थकले म्हणून त्या थांबत नाहीत. पुढचं कॉलेज लांब असतं, वसतिगृह मिळत नाही, पाळीच्या दिवसांत सराव कसा करायचा हे विचारायला बाई प्रशिक्षक नसते आणि घरात स्थळं बघायला सुरुवात झालेली असते.

ललिताताईंना शासनाने अधिकारीपद दिलं, ते योग्यच झालं. पण तो सन्मान जग जिंकून आल्यावरचा. सोळाव्या वर्षी मैदान सोडणाऱ्या मुलीपर्यंत तो कधीच पोचत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. राज्यातल्या किती तालुका क्रीडा संकुलांत धावण्याचा ट्रॅक वापरण्याजोगा आहे, किती ठिकाणी पाण्याच्या उडीची सोय आहे, आणि कुठे पूर्णवेळ महिला प्रशिक्षक नेमलेली आहे, याची तालुकावार यादी आपण जाहीर करावी. माण, खटाव, आष्टी, जत या भागांपासून कामाला सुरुवात करावी. पहाटे पाचला संकुलाचं फाटक उघडं असावं, दिवे लागलेले असावेत. आणि जिल्हा पातळीवर चमकलेल्या मुलीला आठवीपासून बारावीपर्यंत वसतिगृह आणि खुराक मिळावा, पदकाची अट न घालता.

येत्या शालेय स्पर्धांच्या आधी ही यादी आपण प्रसिद्ध कराल, अशी अपेक्षा आहे.

आपली विश्वासू,
एक क्रीडाशिक्षिका