थवा उडाला की उडवला?

महोदय,

कालच्या अंकात पहिल्या पानावर नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) भरारी घेतानाचा फोटो आहे. देखणा आहे, वाद नाही. पण तो थवा आपणहून उडाला की उडवला, हे छापण्याआधी कुणी विचारले का?

विचारतो याला कारण आहे. गेल्या हिवाळ्यात तिथेच चापडगावच्या बाजूला काठावर बसलो होतो. समोर उथळ पाण्यात रोहित चरत होते. पाय जागच्या जागी नाचवून गाळ ढवळायचा, मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरायची, जिभेने पाणी आत ओढून चोचीच्या कडांच्या चाळणीतून बाहेर सोडायचे आणि अडकलेले बारीक जीव गिळायचे. एवढ्याशा खाण्यावर एवढा मोठा पक्षी जगतो, म्हणून तासन् तास चरावे लागते. तेवढ्यात मोठ्या लेन्सवाल्या एकाने टाळ्या वाजवल्या. पक्ष्यांनी नुसत्या माना वर केल्या, तर पठ्ठ्याने ढेकूळ उचलून पाण्यात भिरकावले! रोहिताला जागेवरून उडता येत नाही. सगळे पाण्यावरून धावत सुटले. त्यात अजून गुलाबी रंगही न चढलेली राखाडी पिल्ले होती. गाइडचे काम करणारा गावातला मुलगा बोलायला गेला, तर त्यालाच दटावले. अंधार पडेपर्यंत थवा तिथे परतला नाही.

राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आपण नाशिककर मिरवतो. अभयारण्यात वन्यजीवाला त्रास देणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण उडत्या थव्याचाच फोटो पहिल्या पानावर येणार असेल, तर ढेकळे पडतच राहणार. कृपया असा फोटो छापायला घेताना तो कसा मिळाला हे फोटोग्राफरकडून लिहून घ्या. चरणाऱ्या रोहिताचा फोटो छापून पाहा, वाचक तोही तितक्याच आवडीने बघतील.

आणि फोटोखालच्या ओळीत ‘सायबेरियाहून आलेले पाहुणे’ असे म्हटले आहे. दरवर्षी कुठे ना कुठे हेच छापून येते. रोहितांची वीण आपल्याच देशात, कच्छच्या रणात होते. तीही तिथे पुरेसे पाणी साचले तरच. चिखलाच्या बुटक्या घरट्यावर जोडीचे एकच अंडे असते. शाळेतली मुले तुमचा अंक वाचतात, तेव्हा एवढी दुरुस्ती उद्याच्या अंकात, त्याच पानावर छापावी ही विनंती.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक