उजव्या बाजूची खाच

अलिबाग, रविवार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

"गिरोनाला एवढं काय पाहिलंस?" असं तू त्या रात्री विचारलंस आणि मी "छान होतं" म्हणून मोकळी झाले. दमले होते रे. म्हणून आता लिहिते.

तू ऑफिसला गेलास आणि मी गाडीत बसले. बार्सिलोनाहून गिरोनाला वेगाच्या गाडीने चाळीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नदी ओलांडून जुन्या गावात शिरलं की 'कारेर दे ला फोर्सा' नावाची चढणीची गल्ली लागते. मध्ययुगातली ज्यूंची वस्ती तिच्याच आजूबाजूला. त्या वस्तीला तिथले लोक जे म्हणतात ते कानाला अगदी आपल्या 'काय'सारखं लागतं. मी एका बाईला वाट विचारली, ती म्हणाली "काय", मी म्हटलं "काय?" असं दोनदा झालं. शेवटी तिने हात धरून कोपऱ्यापर्यंत सोडलं.

पायऱ्याच पायऱ्या. एक बोळ तर असा, की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे दगड लागावा. मोशे बेन नाहमान, म्हणजे रामबान, 1194 साली याच गावात जन्मले. धर्मपंडित आणि वैद्यही. 1263 मध्ये तुझ्या बार्सिलोनात राजा जाउमे पहिला याच्यासमोर त्यांचा ख्रिस्ती धर्मपंडितांशी वाद झाला. मुख्य प्रश्न हा, की मसीहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणहार, येऊन गेला की यायचाय? त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की राजाने निरोप देताना 300 नाणी दिली. पण पुढे जाच सुरू झाला आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस देश सोडून जेरुसलेमला गेला. ज्या वयात मला बार्सिलोनाचं विमान लांबचं वाटतं, त्या वयात!

1391 मध्ये वस्तीवर हल्ला झाला, वाचलेल्यांना कित्येक आठवडे किल्ल्याच्या बुरुजात दिवस काढावे लागले. 1492 मध्ये हुकूम निघाला, धर्म सोडा नाहीतर देश सोडा. लोक गेल्यावर बोळांची तोंडं बांधून टाकली, घरात घरं घुसली. ते बोळ पुन्हा मोकळे झाले ते अगदी अलीकडे. संग्रहालयात हिब्रू अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. ते पाहिले, पण खरं सांगू, तिथे माझं मन रमलं नाही.

रमलं ते एका दारापाशी. आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीच्या दगडात वीतभर उभी खाच. लोक तिच्याकडे न बघता पुढे जात होते. मी मात्र लगेच ओळखली. मेझुझाची जागा ती! ज्यू लोक चर्मपत्रावर धर्मग्रंथातली वचनं लिहून दाराला लावतात ना, ती. आपल्या शेजारच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मावशींच्या दाराला तशीच पितळी डबी होती, आठवते? तू लहानपणी त्यांच्याकडे मलिदा खायला पळायचास आणि त्यांचं बघून जाता-येता डबीला बोट लावून ओठांना लावायचास. आजी हसायची, "शनवार तेल्यांचा नातू झालाय हा." शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना हे नाव.

मीही त्या खाचेत बोट घातलं. दगड गार होता, कडा गुळगुळीत झालेल्या. मागून एक टोळकं आलं म्हणून बाजूला सरले.

मावशींना कोणी हाकललं नाही, हे मला माहीत आहे. मुलगा इस्रायलला होता म्हणून त्या गेल्या, जाताना माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि जाताना डबी काढून बरोबर नेली. दाराला दोन स्क्रूंची भोकं आणि फिकट पट्टा तेवढा राहिला. तीस वर्षं मी तो रोज बघत आले.

परत आले तर त्या घराला रंग लावणं चालू होतं. नवे मालक मुंबईचे आहेत. मी चपला अडकवून तशीच गेले, रंगाऱ्याला म्हटलं, "दादा, ती दोन भोकं तेवढी राहू दे." तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "काकू, काल सकाळीच लांबी भरली."

गुडघा आता बरा आहे. तू पाठवलेलं मलम संपत आलंय.

तुझी,
आई